आधी आवाज, मग चित्र: दीड मिनिटाची कागदी ॲनिमेशन फिल्म घरच्या टेबलावर कशी करावी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली मुलं आणि त्यांचे शिक्षक आपल्या ॲनिमेशन फिल्म मला दाखवायला आणतात. त्यांतल्या बहुतेक अर्ध्यावर थांबलेल्या असतात. चित्रं सुरेख असतात, पात्रांत जीव असतो, तरी फिल्म पुढे सरकत नाही. अडतं एकाच ठिकाणी. पात्रं आधी रंगवलेली असतात, मग शूटिंग होतं आणि शेवटी आवाज बसवायला घेतात. संवाद निघतो चार सेकंदांचा आणि तोंड हललेलं असतं अडीच सेकंद. पुन्हा शूट करायला अंगात बळ उरत नाही.

म्हणून इथे सगळा भर क्रमावर आहे. उदाहरण एकच घेतो आणि शेवटपर्यंत तेच चालवतो. गोष्ट अशी: आजीला खानापूरला जायचंय. बसवरची पाटी कन्नडमध्ये आहे, आजीला ती वाचता येत नाही. शाळेत कन्नड शिकणारा नातू तिला वाचून सांगतो. पुढच्या आठवड्यात आजी एकटीच थांब्यावर उभी असते आणि पाटीवरचं पहिलं अक्षर बोटाने हवेत गिरवते. बस येते, आजी चढते, संपलं. पात्रं दोन, जागा एक, वेळ दीड मिनिट.

पद्धत कटआउटची, म्हणजे कागदाचे सांधे असलेली पात्रं टेबलावर आडवी ठेवायची, थोडी थोडी सरकवायची आणि वरून मोबाइलने फोटो काढायचे.

## सुरू करण्याआधी हिशेब

फिल्म सेकंदाला २४ फ्रेमने, म्हणजे २४ स्थिर चित्रांनी चालते. प्रत्येक फोटो दोन फ्रेम दाखवला तरी डोळ्याला हालचाल सलग वाटते, म्हणून सेकंदाला १२ फोटो पुरतात. दीड मिनिट म्हणजे ९० सेकंद, म्हणजे १,०८० फोटो. हात बसल्यावर दोघे जण मिळून तासाला साधारण ६० फोटो काढतात. म्हणजे नुसत्या शूटिंगला १८ तास लागतील. रोज तीन तास दिले तर सहा दिवस. चुकांसह दहा दिवस धरा.

हा आकडा कागदावर लिहून भिंतीला लावा. पाच मिनिटांची फिल्म करायची हौस तो बघितल्यावर आपोआप आवरते. पाच मिनिटांना ३,६०० फोटो लागतात आणि पहिल्या फिल्मला ते झेपत नाहीत.

सामान: मुख्य कॅमेरा बऱ्यापैकी असलेला मोबाइल, तो वरून आडवा धरणारा भक्कम स्टँड, एकसारखे दोन एलईडी दिवे, ए-थ्री कागद, जाड कार्डशीट, पोस्टर कलर, दोन पाय मागे दुमडता येणाऱ्या पितळी पिना किंवा जाड दोरा, काच, आणि शाळेची रेघांची वही. घरात जुन्या लग्नपत्रिका पडलेल्या असतील तर त्या जपून ठेवा. हातापायांना तो कागद उत्तम, वाकत नाही आणि कडा स्वच्छ कापली जाते. सॉफ्टवेअर फुकट मिळतं: आवाजासाठी ऑडॅसिटी आणि जोडणीसाठी दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती किंवा ब्लेंडर. फोटो काढायला मात्र आधीची फ्रेम पुसट दाखवणारं ॲप हवंच.

सावध: खानापूरची कुंभाराची माती जवळ आहे म्हणून तिचीच पात्रं करावीत, असं बऱ्याच जणांच्या मनात येतं. ती माती पाण्याने भिजवलेली असते. दिव्याखाली दोन तासांत सुकते आणि सांध्यांत भेगा पडतात. मातीचंच करायचं असेल तर तेलात मळलेली, न सुकणारी खेळण्यातली माती घ्या. पहिल्यांदा कागदच बरा.

## १. गोष्ट एका पानात

गोष्ट लिहिताना प्रत्येक वाक्याला विचारा: हे डोळ्याला दिसेल का? ‘आजीला वाईट वाटलं’ हे दिसत नाही. ‘आजीने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि खाली बघितलं’ हे दिसतं. पहिलं खोडा, दुसरं ठेवा.

संवाद कमी ठेवा आणि घरात बोलतो तसे ठेवा. आमच्याकडची आजी ‘ही बस खानापूरला जाते का रे?’ असं पुस्तकी विचारत नाही. नातू म्हणतो, ‘ही न्हवं गं, मागची.’ आजी म्हणते, ‘मग वाच की रं नीट.’ अख्ख्या फिल्मला एवढे दोन संवाद पुरतात. प्रमाण भाषेत लिहून दिलं की मुलं पाठांतर म्हटल्यासारखी बोलतात आणि ते ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

## २. स्टोरीबोर्ड

कागदावर आडव्या चौकटी आखा, रुंदी १६ तर उंची ९ या प्रमाणात. प्रत्येक शॉटला एक चौकट. काड्यांची माणसं चालतील, पण पात्र चौकटीत किती मोठं आहे आणि कुठे बघतंय हे नक्की दिसलं पाहिजे. आपल्या गोष्टीला १० ते १२ शॉट पुरे.

इथे एक चूक नेहमीची आहे. पहिल्या शॉटमध्ये बस उजवीकडून येते आणि पुढच्या शॉटमध्ये डावीकडून. प्रेक्षकाला वाटतं दुसरीच बस आली. बस कोणत्या बाजूने येणार ते ठरवा आणि स्टोरीबोर्डच्या वर बाण काढून ठेवा.

प्रत्येक चौकटीखाली तीन गोष्टी लिहा: कोण काय करतं, कोणता आवाज ऐकू येतो, अंदाजे किती सेकंद. सेकंद डोक्याने ठरवू नका. हातात मोबाइलचं स्टॉपवॉच घ्या, खोलीत उभं राहून ती कृती स्वतः करा आणि मोजा. पिशवी खाली ठेवून कमरेवर हात ठेवायला आजीला तीन सेकंद लागतात. नुसतं बसून लिहिणारा तिथे एक सेकंद लिहितो.

तपासा: स्टोरीबोर्ड गोष्ट माहीत नसलेल्या माणसाला द्या आणि एक शब्दही न बोलता बघायला सांगा. त्याने गोष्ट परत सांगितली तर पुढे जा. तो जिथे अडखळला तिथे एक चौकट कमी आहे.

## ३. आवाज

अजून एकही पात्र रंगवलेलं नाही, तरी आवाज आत्ताच रेकॉर्ड करायचा. आवाज घट्ट असतो आणि चित्र लवचिक असतं. आजीने ‘मग’ म्हटल्यावर अर्धा सेकंद थांबून ‘वाच की रं’ म्हटलं, तर त्या अर्ध्या सेकंदात भुवई वर करता येते. आधी केलेल्या चित्रात तो श्वास मागाहून घुसवता येत नाही.

खोली लहान घ्या. खाली सतरंजी, भिंतीला आणि मागे दोऱ्यांवर वाकळा टांगा. वाकळेइतका आवाज पिणारा पडदा विकत घेऊनही मिळणार नाही. पंखा बंद, फ्रिज बंद. मोबाइल तोंडापासून एका वितीवर, पण थेट समोर न ठेवता थोडा बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’ चा फुंकर लागत नाही. मोबाइल विमान मोडवर टाका. रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्ये, ४८ किलोहर्ट्झवर करा.

जून ते सप्टेंबर कौलारू किंवा पत्र्याच्या घरात संवाद घेऊ नका. खानापूर-जांबोटीच्या बाजूला पाऊस लागला की त्याचा आवाज प्रत्येक शब्दाखाली बसतो आणि नंतर काही केल्या निघत नाही. पाऊस हवा असेल तर वेगळा रेकॉर्ड करून खाली घाला.

आजीच्या आवाजाला खरी आजीच आणा. तरुण मुलीने काढलेला म्हातारा आवाज नाटकी होतो. आजीला कागद देऊ नका, प्रसंग सांगा: ‘आज्जे, बस निघाली, हा पोरगा नीट वाचंना, काय म्हणशील?’ मग जे येईल ते पाच-सहा वेळा घ्या. शेवटी सगळ्यांनी ३० सेकंद गप्प बसून खोलीची शांतता रेकॉर्ड करा. दोन संवादांमधल्या जागेत ती भरायची असते. तिथे निव्वळ पोकळी ठेवली तर आवाज तुटल्यासारखा वाटतो.

बसचं इंजिन, कंडक्टरची शिट्टी, दार आपटणं, थांब्यावरची गर्दी हे सगळं स्टँडवर जाऊन स्वतः घ्या. सिनेमातलं गाणं मागे लावू नका. त्याचे हक्क दुसऱ्याचे असतात आणि फिल्म नेटवर टाकली की आवाज बंद पडू शकतो. गावातल्या भजनी मंडळाचे टाळ, हलगी वाजवणारा शेजारी यांची लेखी परवानगी घेऊन एक मिनिट वाजवून घ्या. आपल्या गोष्टीला तेच शोभतं.

## ४. ॲनिमॅटिक

लोक सर्वात जास्त टाळतात ती ही पायरी, आणि फिल्म वाचवते तीही हीच. स्टोरीबोर्डच्या प्रत्येक चौकटीचा फोटो काढा, सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड केलेल्या आवाजावर एकामागे एक मांडा. हालचाल काहीच नाही, नुसती स्थिर चित्रं आणि आवाज. पण लांबी खरी असते.

प्रोजेक्ट उघडताच वेग सेकंदाला २४ फ्रेम ठरवा. काही ठिकाणी तो २५ किंवा ३० असा आधीच भरलेला असतो. १,०८० फोटो प्रत्येकी दोन फ्रेम धरून २५ च्या वेगावर टाकले तर फिल्म ९० ऐवजी ८६.४ सेकंदांत संपते आणि ३० वर टाकले तर ७२ सेकंदांत. आवाज मागे राहतो, ओठ पुढे पळतात. ‘शेवटी शेवटी ओठ जुळत नाहीत’ म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचं दुखणं हेच असतं. मधेच वेग बदलून ते बरं होत नाही.

ॲनिमॅटिक तीन वेळा बघा. एकदा आवाजासकट, एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून फक्त ऐकत. जिथे कंटाळा आला तो शॉट आत्ता कापा. आत्ता कापला तर एक चौकट जाते, नंतर कापला तर दोन तासांचे १२० फोटो जातात.

तपासा: ॲनिमॅटिक पटल्याशिवाय रंगाची बाटली उघडायची नाही. मुलं रुसतात, कारण त्यांना रंगवायचं असतं. तरी नाही.

## ५. वही: कोणत्या फोटोत काय

स्टुडिओत याला एक्सपोजर शीट म्हणतात. आपल्याला शाळेची वही पुरते. एक रेघ म्हणजे एक फोटो. १२ रेघा म्हणजे एक सेकंद. पानावर २४ रेघा घेतल्या तर एका पानात दोन सेकंद बसतात आणि अख्खी फिल्म ४५ पानांत. उभे रकाने पाच: फोटो क्रमांक, आवाज, आजीचं तोंड, आजीचं अंग, नातू.

आता ऑडॅसिटीत संवादाची लहर मोठी करून बघा आणि कोणतं अक्षर कोणत्या रेघेवर पडतं ते लिहा. ‘ही न्हवं गं, मागची’ हा दीड सेकंदाचा असेल तर १८ रेघा मिळतात.

मराठीला सात तोंडं पुरतात:

- मिटलेलं: प, फ, ब, भ, म
- थोडं उघडं: अ आणि बहुतेक व्यंजनं
- मोठं उघडं: आ
- ताणलेलं: इ, ई, ए, तसंच च, ज, श
- लहान गोल: उ, ऊ
- मोठं गोल: ओ, औ
- खालचा ओठ दातांजवळ: व

प्रत्येक अक्षराला तोंड बदलू नका, नाहीतर पात्र पान चघळल्यासारखं दिसतं. ‘ही न्हवं गं, मागची’ मध्ये पकडायच्या जागा सहा: ‘ही’ ताणलेलं, ‘व’ खालचा ओठ, मग थोडं उघडं ठेवून विराम, ‘म’ मिटलेलं, ‘आ’ मोठं, ‘ची’ ताणलेलं. विरामाच्या आधीचा ‘गं’ त्या थोड्या उघड्या तोंडातच जातो. यांतला ‘म’ चुकला तर बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही. ओठ मिटल्याशिवाय ‘म’ होत नाही, हे लहान मुलालाही दिसतं. मिटलेलं तोंड निदान एक पूर्ण फोटो ठेवा, आणि शंका आली तर ते आवाजाच्या एक फोटो आधी ठेवा. ओठ आवाजाच्या किंचित आधी चालतात तेव्हा डोळ्याला बरोबर वाटतं, उशिरा आले तर खटकतं.

फिल्म कन्नडमध्येही हवी असेल तर ते आत्ताच ठरवा. आपल्या भागात हा प्रश्न येणारच. तोंड मराठीवर जुळवलं की त्यावर कन्नड आवाज बसत नाही, कारण ओठ मिटण्याच्या जागा वेगळ्या पडतात. दोन वाटा आहेत. तोंडाचे तुकडे वेगळे ठेवून तेवढे शॉट दोनदा शूट करा, किंवा बोलताना पात्र पाठमोरं दाखवा. आपल्या गोष्टीत नातवाला बसकडे बघत, म्हणजे पाठमोरं बोलवता येतं. पुढचं बरंचसं काम तिथेच वाचतं.

## ६. पात्रं आणि पार्श्वभूमी

पार्श्वभूमी ए-थ्री कागदावर. त्याची रुंदी ४२ सेंटिमीटर असते. दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटर सोडला तर फ्रेम ४० बाय २२.५ सेंटिमीटरची होते. उभी आजी १४ सेंटिमीटर, नातू ९ सेंटिमीटर. चेहऱ्याच्या जवळच्या शॉटसाठी वेगळं मोठं डोकं करावं लागतं, १८ सेंटिमीटरचं. छोट्याच पात्राचा फोटो मोठा करून भागवू नका. ब्रशचे फटकारे आणि कागदाचे तंतू पडद्यावर उघडे पडतात.

सांधे: मान, खांदा, कोपर, कंबर, मांडी, गुडघा. जिथे सांधा आहे तिथे दोन्ही तुकड्यांची टोकं गोल कापा आणि एकमेकांवर येऊ द्या, म्हणजे वाकवल्यावर फट पडत नाही. पिनेचं डोकं पुढे दिसत असेल तर त्यावर कपड्याचा रंग लावा. आजीचं लुगडं हे इथलं वरदान आहे. निऱ्यांचा एकच तुकडा कमरेला जोडला की मांड्या-गुडघे करायचेच नाहीत, नुसती पावलं खालून हलवायची.

कापलेल्या कडेचा पांढरा कागद दिव्यात चमकतो आणि पात्राभोवती रेघ थरथरते. प्रत्येक तुकड्याची कड गडद स्केचपेनने रंगवून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण बहुतेक जण विसरतात.

सावध: पात्रं टिकावीत म्हणून लॅमिनेशन करू नका. प्लास्टिकवर दिव्याचा पांढरा डाग पडतो आणि तो प्रत्येक फोटोत जागा बदलतो. पावसाळ्यात कागद वळतो, त्यावर उपाय म्हणजे रोज रात्री पात्रं दोन पाट्यांमध्ये दाबून, झाकणाच्या डब्यात ठेवणं.

बसची पाटी हा नाजूक भाग आहे. कन्नड अक्षरं गूगलवरून बघून काढू नका. कन्नड वाचणाऱ्या माणसाकडून लिहून घ्या, आणि रंगवल्यावर त्यालाच परत दाखवा. बेळगावच्या प्रेक्षकांत दोन्ही भाषा वाचणारे बसलेले असतात. एक काना-वेलांटी चुकली तरी त्यांचं लक्ष गोष्टीवरून उडून पाटीवर जातं. आणि सगळी गोष्टच त्या पाटीवर उभी आहे.

## ७. टेबल, कॅमेरा, दिवे

टेबल भिंतीला टेकवा आणि पायांखाली पुठ्ठा घालून डुगडुग काढा. पार्श्वभूमी टेबलाला चारही बाजूंनी चिकटवा. दोन्ही बाजूंना विटा किंवा पुस्तकं रचून त्यांवर काच ठेवा, पार्श्वभूमीपासून ८ ते १० सेंटिमीटर वर. पात्रं काचेवर हलवायची. त्यामुळे त्यांची सावली मऊ पडते आणि चित्राला खोली येते. काच पाच मिलिमीटरची घ्या आणि कडा घासून आणा. पातळ काच कोपर टेकला की तडकते.

मोबाइल बरोबर मधोमध, खाली बघत. लेन्स नेहमीची, रुंद कोनाची नाही. रुंद कोनाने कडेची माणसं ताणली जातात. मोबाइल सरळ आहे का ते बघायला काचेवर आरसा ठेवा. आरशात लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या मधोमध दिसलं तर कॅमेरा काटकोनात आहे.

मग ॲपमध्ये चार गोष्टी हाताने ठरवून कुलूपबंद करा: फोकस, शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा), आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील), व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल). एकही ऑटोवर राहिली तर आजीचा हात फ्रेममध्ये आला की भिंत निळी होते आणि गेला की पिवळी. आयएसओ १०० च्या आसपास, शटर १/५० किंवा १/१००. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर त्या मापात बसलं की फोटो एकसारखे उजळतात.

दिवे दोन, एकाच खोक्यातले, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत. खिडकी पूर्ण बंद, वर काळा कापडी पडदा. उजेड छान पडला म्हणून खिडकीशी शूट करणारे नेहमी फसतात. ढग येतो-जातो, सूर्य सरकतो आणि तीन तासांचं काम पंधरा सेकंदांत दाखवलं की फिल्म लुकलुकते. आणखी एक, गावाकडे महत्त्वाचं: संध्याकाळी शेतातले पंप सुरू झाले की व्होल्टेज खाली येतं. वेळ पाळून शूट करा किंवा दिवे चांगल्या इन्व्हर्टरवर चालवा.

छताचा पंखा बंद. कागद उडतो ते कळतं, पण त्याची फिरती सावली फोटोंत येते ते नंतर कळतं. अंगात गडद, साधे कपडे घाला. पांढऱ्या शर्टाचा उजेड काचेत दिसतो.

तपासा: काहीही न हलवता दोन मिनिटं थांबून थांबून २४ फोटो काढा आणि चालवून बघा. चित्र दगडासारखं स्थिर दिसलं पाहिजे. उजेड हलला किंवा चित्र सरकलं तर दोष शोधा, तोवर पात्राला हात लावायचा नाही.

## ८. शूटिंग

मोबाइलला बोट लावायचं नाही. इअरफोनच्या आवाजाच्या बटणाने किंवा ब्लूटूथ रिमोटने फोटो काढा. चार्जर लावून ठेवा. ॲपचा वेग १२ वर आहे का ते रोज बघा.

कामं वाटून घ्या. एक जण पात्र हलवतो, दुसरा वही वाचतो आणि झालेल्या रेघेवर बरोबरची खूण करतो. ‘हात बाहेर’ असं मोठ्याने म्हटल्याशिवाय फोटो नाही.

हालचालीत सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रत्येक वेळी सारखंच अंतर सरकवणं. बस थांब्यावर येताना आधी एका फोटोत दोन-दोन सेंटिमीटर सरकते, मग दीड, एक, पाच मिलिमीटर, तीन, दोन, एक, आणि थांबते. फ्रेमबाहेर पट्टी चिकटवून तिच्यावर ही अंतरं आधीच पेन्सिलने आखा. थांबल्यावर पुढचं टोक दोन फोटो किंचित खाली दबून परत वर आलं की ब्रेक लागल्याचं डोळ्याला जाणवतं.

चालणं: सामान्य माणूस एका पावलाला साधारण १२ फ्रेम घेतो, म्हणजे ६ फोटो. आजीला २० फ्रेम द्या, १० फोटो. नातवाला १० फ्रेम, ५ फोटो. दोघे एकत्र चालताना हा फरक सांभाळला तर संवादाशिवाय नातं दिसतं: नातू पुढे जातो, थांबतो, वळून बघतो. आजी काठी टेकते तेव्हा आधी काठी, मग पाऊल, मग खांदा. तिन्ही एकाच फोटोत हलवले तर कळसूत्री बाहुली दिसते.

मोठ्या कृतीआधी लहानशी उलटी हालचाल द्या. हात वर नेण्याआधी दोन फोटो जरा खाली. डोळ्याची उघडझाप तीन-चार फोटोंत संपवा. आणि आजी पाटीकडे बघत उभी असते, तिथे तिला उभी राहू द्या. सारखं काहीतरी हलवायची घाई करू नका. त्या दोन सेकंदांसाठी २४ फोटोही लागत नाहीत, एकच फोटो जोडणीत लांबवता येतो. मधे एक पापणी लवली की पुरे.

शेवटचा शॉट, हवेत अक्षर गिरवण्याचा, नीट तयारीने करा. बोटाचा मार्ग पारदर्शक कागदावर आखून त्यावर फोटो क्रमांक टाका. वळणावर ठिपके जवळजवळ, सरळ रेषेत लांब. हा कागद फोटोआधी प्रत्येक वेळी उचलायचा असतो, विसरू नका.

सावध: धक्का लागून टेबल हललं तर तिथून पुढे रेटू नका. पुसट फ्रेम बघून सगळं जागेवर आणा. नाही जमलं तर तो शॉट पहिल्यापासून घ्या. मधला झटका जोडणीत लपत नाही. आणि शॉट अर्धा सोडून जेवायला उठू नका. परत येईपर्यंत कागद हवेने हललेला असतो.

रोज संध्याकाळी फोटो दोन ठिकाणी उतरवा. एकेक फोटो चार एमबीचा धरला तर १,०८० फोटो चार जीबीच्या थोडे वर जातात. नावं रोमन अक्षरांत आणि आकड्यांत द्या, आकड्याआधी शून्यं लावून: ०००१, ०००२. शून्यं नसतील तर काही सॉफ्टवेअर २ च्या आधी १० लावतं आणि आजी उड्या मारत चालते.

## ९. जोडणी

ॲनिमॅटिकचीच फाइल उघडा आणि प्रत्येक स्थिर चौकटीच्या जागी तिचे खरे फोटो ठेवा. आवाजाला हात लावायचा नाही. वहीप्रमाणे काम झालं असेल तर सगळं जागच्या जागी बसतं.

बस उलट्या दिशेने हवी म्हणून चित्र आडवं पलटू नका. पाटीवरची अक्षरं आरशातल्यासारखी उलटी होतात. हे मी एकापेक्षा जास्त फिल्ममध्ये पाहिलंय आणि प्रत्येक वेळी करणाऱ्याच्या नजरेतून निसटलेलं होतं.

आवाजाचे थर असे: तळाला खोलीची किंवा थांब्याची शांतता, त्यावर बस आणि पावलं, वर संवाद, आणि टाळ-हलगी फक्त जिथे कोणी बोलत नाही तिथे. हेडफोनवर जुळवा, मग मोबाइलच्या साध्या स्पीकरवर ऐका. बहुतेक लोक तिथेच ऐकणार आहेत.

## १०. नावं आणि उपशीर्षकं

देवनागरी जोडाक्षरं काही सॉफ्टवेअरमध्ये तुटतात. ‘ज्ञानेश्वर’, ‘किंमत’, ‘सूर्य’ हे तीन शब्द आधी टाइप करून बघा. वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला गेली किंवा रफार सुटला तर तिथे मजकूर टाइप न करता इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड फाँटने लिहा आणि चित्र म्हणून आणा. जुन्या डीटीपीच्या फाँटमध्ये केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हं दाखवतो.

उपशीर्षकं मराठी आणि कन्नड दोन्ही ठेवा, पण एकाच वेळी दोन्ही पडद्यावर नकोत, आजीचे पाय झाकले जातात. दोन वेगळ्या फाइली करा आणि यूटीएफ-८ मध्ये जतन करा, नाहीतर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. कन्नड उपशीर्षकं पाटी लिहून देणाऱ्याकडूनच तपासून घ्या. कुठलीही ओळ पडद्यावर किती वेळ ठेवायची? मोठ्याने सावकाश एकदा वाचायला लागेल तेवढा वेळ, आणि वर एक सेकंद.

नामावलीत आवाज देणाऱ्या आजीचं नाव पहिलं टाका. टाळ वाजवणारे, पाटी लिहून देणारे, वाकळा देणारे, सगळ्यांची नावं आधी लेखी विचारून घ्या.

## ११. फाइल काढणं आणि पडद्यावर बघणं

एमपी-फोर, १९२० बाय १०८०, वेग २४. फाइल निघाल्यावर ती ज्या संगणकावर बनली तिथे बघून भागत नाही. पेन ड्राइव्हवर घालून शाळेच्या टीव्हीवर किंवा प्रोजेक्टरवर लावा आणि खोलीच्या मागच्या टोकाला बसून बघा. पाटीवरचं पहिलं अक्षर तिथून वाचता येतंय का? आजी पुढे तेच गिरवणार आहे, ते आधी ओळखीचं झालेलं नसेल तर शेवट कळणार नाही. तसं झालं असेल तर पाटीचा जवळचा शॉट एक सेकंदाने वाढवा. त्यासाठी नवं शूट लागत नाही, स्थिर फोटोच लांबवायचा आहे. आवाज मात्र त्या जागेपासून पुढे तेवढाच सरकवा आणि मधल्या फटीत खोलीची शांतता भरा.

मूळ फोटो, आवाजाच्या फाइली आणि वही एकत्र ठेवा. पात्रं, तोंडांचे सातही तुकडे पाकिटात घालून, पाट्यांमध्ये दाबून डब्यात. डब्यावर आतून एक कागद चिकटवा: कॅमेऱ्याची उंची, आयएसओ, शटर, दिव्यांचं अंतर. पावसाळ्यात महिन्यातून एकदा डबा उघडून बुरशी लागली नाही ना ते बघा.